रॅटमधील डीएमबीए आणि एमएनयू स्तनगाठी: जनुक-अभिव्यक्तीचे निकाल दर खेपेला का बदलतात (समस्या निवारण)

स्प्रेग-डॉली जातीच्या मादी रॅटना साधारण ५० दिवसांच्या वयात डीएमबीए तोंडावाटे किंवा एमएनयू टोचून दिले (दोन्ही कर्करोगकारक रसायने), की काही आठवड्यांनी त्यांच्या स्तनग्रंथींमध्ये गाठी हाताला लागू लागतात. पुढे त्या गाठींतून आरएनए (पेशीत कोणते जनुक किती चालू आहे हे सांगणारी त्याची प्रत) काढायचा, निरोगी ग्रंथीच्या आरएनएशी त्याची तुलना करायची आणि कोणती जनुके वाढली, कोणती घटली हे मांडायचे, एवढाच हा प्रयोग वरवर पाहता आहे. डीएमबीएच्या एकाच मात्रेने अशा गाठी होतात हे चार्ल्स हगिन्स आणि सहकाऱ्यांनी १९६१ मध्ये दाखवले आणि गुलिनो व सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये एमएनयूचे प्रारूप मांडले. म्हणजे प्रारूप चांगले मुरलेले आहे. तरीही या कामात एक तक्रार पुन्हा पुन्हा ऐकू येते, ती अशी की एका तुकडीतील (बॅचमधील) निकाल दुसऱ्या तुकडीत जुळत नाहीत.

तक्रारीचा तपशील बहुधा ठरलेला असतो. पहिल्या तुकडीत सायक्लिन डी१ हे जनुक चार पट वाढलेले दिसते आणि दुसऱ्या तुकडीत जेमतेम दीड पट. इस्ट्रोजेन रिसेप्टर अल्फा एकदा घटलेला असतो, एकदा वाढलेला. आरएनए-सिक्वेन्सिंग (सर्व जनुकांचा आरएनए एकदम वाचणे) केले तर घटलेल्या जनुकांच्या यादीत सर्वात वर दर वेळी ॲडिपोनेक्टिन, लेप्टिन, पेरिलिपिन आणि ॲडिप्सिन हीच मंडळी बसलेली असतात. मग कोणी किटला दोष देतो, कोणी प्रायमर (पीसीआरमध्ये हवे ते जनुक पकडणारे डीएनएचे छोटे तुकडे) बदलतो, तर कोणी ‘हा आउटब्रेड (आनुवंशिकदृष्ट्या एकसारखा नसलेला) साठा आहे, फरक पडणारच’ असे म्हणून विषय संपवतो. यांपैकी प्रत्येक कारण कधी ना कधी खरे असू शकते. पण दोष शोधण्याचा क्रम चुकला तर महिने वाया जातात. माझे मत असे आहे की, गाठीतील पेशींनी जनुकांचे काय केले हा प्रश्न विचारण्याआधी नळीत कोणत्या पेशी किती आहेत हा प्रश्न सुटला पाहिजे, आणि न जुळणाऱ्या निकालांपैकी बरेचसे तिथेच उलगडतात.

आधी नळीत काय आहे ते पाहा

कुमारी रॅटची स्तनग्रंथी ही मुख्यतः चरबी असते. तिच्यातून नलिकांचे आणि टोकांवरील कलिकांचे बारीक जाळे गेलेले असते, सभोवती थोडी संयोजी ऊती, रक्तवाहिन्या आणि नसा असतात. डीएमबीए किंवा एमएनयूमुळे झालेली गाठ मात्र बहुतांशी उपकला पेशींची, म्हणजे एपिथेलियमची असते. त्यामुळे ‘गाठ विरुद्ध निरोगी ग्रंथी’ ही तुलना प्रत्यक्षात ‘एपिथेलियम विरुद्ध चरबी’ अशी होऊन बसते आणि मेदपेशींची जनुके ‘घटलेली’ दिसतात, कारण मेदपेशीच तिथे उरलेल्या नसतात.

हा परिणाम किती मोठा असतो हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहू. समजा निरोगी ग्रंथीच्या एकूण आरएनएपैकी १५ टक्के एपिथेलियमचा आहे आणि गाठीत तो ७५ टक्के आहे. एपिथेलियममध्येच व्यक्त होणारे एखादे जनुक प्रत्येक पेशीत अजिबात बदललेले नसले, तरी ते पाच पट वाढलेले दिसेल. त्याहून वाईट म्हणजे, गाठीतील पेशींमध्ये प्रत्यक्षात निम्मे झालेले जनुकही अडीच पट ‘वाढलेले’ दिसेल. आता पुढच्या तुकडीत निरोगी ग्रंथीचा तुकडा जरा जास्त नलिका असलेल्या भागातून आला आणि एपिथेलियमचा वाटा १५ ऐवजी ३० टक्के झाला, तर पहिले जनुक अडीच पटीवर उतरते आणि दुसरे सव्वा पटीवर, म्हणजे जवळजवळ ‘बदल नाही’ या निष्कर्षावर येते. गाठीत काहीही बदललेले नाही, प्रायमरही तेच आहेत, तरी निकाल जुळत नाहीत. दुधात पाणी किती आहे हे न मोजता फॅट कमी लागले म्हणून म्हैस आजारी ठरवण्यासारखा हा प्रकार आहे.

म्हणून अभ्यासाच्या मुख्य जनुकांना हात लावण्यापूर्वी प्रत्येक नमुन्याच्या सीडीएनएवर (आरएनएपासून बनवलेल्या डीएनए-प्रतीवर) पाच-सहा ओळख-जनुके चालवावीत, असे मी आग्रहाने सुचवेन. एपिथेलियमसाठी केराटिन ८ किंवा ईपीकॅम, मेदपेशींसाठी ॲडिपोनेक्टिन, श्वेतपेशींसाठी सीडी४५, संयोजी ऊतीसाठी कोलॅजेन १ए१, कंकाल-स्नायूसाठी ॲक्टिन अल्फा १ आणि दुग्धस्रावी बदलांसाठी बीटा केसीन, एवढी पुरेशी आहेत. एका प्लेटचा खर्च येतो, पण त्यातून दिसणारे चित्र फार बोलके असते. निरोगी गटातील एखाद्या नमुन्यात सीडी४५ इतरांच्या कितीतरी पट निघाले, तर तिथे दाह झाला असे समजण्याची घाई करू नये. पोटाकडील ग्रंथीच्या चरबीत एक लसिकाग्रंथी रुतलेली असते आणि ती काढून न टाकता तुकडा घेतला, तर बी आणि टी पेशींची जनुके आणि इम्युनोग्लोब्युलिने यादीत भरभरून येतात. ही लसिकाग्रंथी चरबीपेक्षा किंचित गडद, वाटाण्याहून लहान आणि घट्ट लागते, तिच्याजवळून रक्तवाहिन्या जातात. कोणत्या बाजूची ग्रंथी घ्यायची हे ठरवण्याआधीच ती ओळखून बाजूला काढण्याची सवय हाताला लागली पाहिजे.

छातीकडील ग्रंथींच्या बाबतीत अडचण वेगळी असते. तिथे ग्रंथीचा थर पातळ असून स्नायूला चिकटलेला असतो, त्यामुळे ॲक्टिन अल्फा १ आणि क्रिएटिन कायनेज यांसारखी स्नायूंची जनुके नमुन्यात शिरतात. मानेजवळच्या गाठीबरोबर लाळग्रंथीचा कडेचा भाग येऊ शकतो. रॅटमध्ये स्तनग्रंथींच्या सहा जोड्या असतात आणि या रसायनांनी होणाऱ्या गाठी छातीकडच्या ग्रंथींमध्ये अधिक आढळतात. उलट निरोगी नमुना मात्र काढायला सोपा म्हणून पोटाकडून किंवा जांघेकडून घेतला जातो. अशा वेळी जागेचा फरक हा गाठीचा फरक म्हणून नोंदवला जातो. निरोगी नमुना गाठीच्या जागेशी जुळणाऱ्या ग्रंथीतूनच घ्यावा, आणि ते शक्य नसेल तर निदान सर्व निरोगी नमुने एकाच क्रमांकाच्या ग्रंथीतून घेऊन तशी नोंद ठेवावी.

नियंत्रण-नमुन्याचा प्रश्न कसा सोडवावा

यावर एकच निर्दोष उपाय नाही आणि प्रत्येक उपायाची किंमत मोजावी लागते. लेझरने सूक्ष्म छेद घेऊन केवळ नलिकांचा एपिथेलियम वेगळा काढणे हा सर्वात स्वच्छ मार्ग आहे, पण त्यातून मिळणारा आरएनए अत्यल्प असतो. कोलॅजिनेजने ग्रंथी पचवून एपिथेलियमचे पुंजके वेगळे करता येतात, मात्र ३७ अंशांवर तासभर चालणाऱ्या या पचनात पेशी ताण ओळखतात आणि फॉस, जुन, ईजीआर१ तसेच हीट-शॉक जनुके उसळतात. त्यामुळे गाठही त्याच पद्धतीने, तेवढाच वेळ पचवली नाही तर तुलना पुन्हा तिरकी होते. गाभण मादीची ग्रंथी एपिथेलियमने भरलेली असते म्हणून ती नियंत्रण म्हणून घेण्याचा मोह काहींना होतो; तो टाळावा, कारण त्या पेशी दुग्धस्रावाच्या तयारीत असतात आणि बीटा केसीन व त्याच्या बरोबरीची जनुके सगळी तुलना व्यापून टाकतात.

सामान्य प्रयोगशाळेला परवडणारा मार्ग म्हणजे संपूर्ण ऊतीचाच आरएनए घ्यायचा, पण ओळख-जनुकांची मूल्ये विश्लेषणात सहचल (निकालावर परिणाम करणारा, हिशेबात घ्यायचा घटक) म्हणून धरायची. केराटिन ८ आणि ॲडिपोनेक्टिन यांचे प्रमाण धरल्यानंतरही जो फरक टिकून राहतो, तोच चर्चेला घ्यावा. यालाही मर्यादा आहेत: एपिथेलियमचा वाटा गाठ आणि निरोगी ग्रंथी यांत इतका वेगळा असतो की दोन गटांची मूल्ये एकमेकांना स्पर्शही करत नाहीत, आणि मग संख्याशास्त्राने केलेली दुरुस्ती ही मोजणी न राहता अंदाज होते. म्हणून मोजक्या महत्त्वाच्या जनुकांसाठी ऊतीच्या छेदावर इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री किंवा इन-सिटू हायब्रिडायझेशन करून कोणत्या पेशीत संकेत आहे हे डोळ्यांनी पाहणे आवश्यक ठरते. माझ्या अनुभवात प्रबंधाचे परीक्षक याच ठिकाणी सर्वात जास्त प्रश्न विचारतात, आणि ते योग्यच आहे.

‘गाठ’ या एका शब्दाखाली काय काय येते

हाताला लागलेली प्रत्येक गाठ ॲडेनोकार्सिनोमा (ग्रंथीच्या एपिथेलियमचा कर्करोग) नसते. स्प्रेग-डॉली माद्यांमध्ये वयोमानाप्रमाणे आपोआपच फायब्रोॲडेनोमा या सौम्य गाठी होतात, आणि प्रयोग लांबला की रसायन दिलेल्या गटातही त्या मिसळतात. फायब्रोॲडेनोमात कोलॅजेनची जनुके प्रचंड असतात. अशा दोन गाठी गटात आल्या की ‘बाह्यपेशीय आधारद्रव्याची जनुके सक्रिय’ हा निष्कर्ष तयार होतो आणि पुढच्या तुकडीत तो नाहीसा होतो. डीएमबीए तोंडावाटे न देता ग्रंथीजवळ त्वचेखाली टोचले असेल, तर टोचलेल्या जागी संयोजी ऊतीचा सार्कोमाही होऊ शकतो. तो एपिथेलियमचा कर्करोगच नसतो, म्हणून केराटिन ८ जवळजवळ दिसत नाही. डीएमबीए दिलेल्या रॅटमध्ये कानाच्या मुळाशी झिंबल ग्रंथीची गाठही होते. मानेजवळची गाठ स्तनग्रंथीचीच आहे असे गृहीत धरून ती थेट द्रव नायट्रोजनमध्ये टाकणे महागात पडते.

उपाय साधा आणि जुना आहे. गाठ मधोमध कापावी, एका अर्ध्याची कापलेली बाजू फॉर्मेलिनमध्ये आणि समोरच्या अर्ध्यातून त्याच पृष्ठभागालगतचा तुकडा गोठवण्यासाठी घ्यावा, म्हणजे पॅराफिनचा छेद आणि आरएनए एकमेकांचे शेजारी राहतात. मोठ्या गाठींचा मध्य मृत झालेला असतो. तो फिकट, पिवळसर, चुरा होणारा दिसतो किंवा द्रवाने भरलेला असतो आणि त्यातून मिळणारा आरएनए तुटका निघतो. जिवंत कडेचा, गुलाबी-करडा, घट्ट भाग घ्यावा. एच अँड ई (नेहमीच्या दोन रंगांनी रंगवलेल्या) छेदाचा अहवाल हाती आल्याशिवाय कोणताही नमुना सीडीएनएच्या यादीत जाणार नाही, असा नियम केला तर निम्मे वाद उद्भवतच नाहीत.

एमएनयूच्या गाठींसाठी ओळखीची आणखी एक खूण उपलब्ध आहे. १९८३ मध्ये सुकुमार, बार्बासिड आणि सहकाऱ्यांनी दाखवले की या गाठींमध्ये एच-रास जनुकाच्या १२व्या कोडॉनमध्ये (तीन अक्षरांच्या गटात) जी-चा ए होतो आणि ग्लायसिनच्या जागी ग्लुटामिक आम्ल येते. नंतरच्या कामातही एमएनयूच्या मोठ्या संख्येतील गाठींमध्ये हा बदल सापडला. डीएमबीएच्या गाठींत तो कमी वेळा आणि बहुधा ६१व्या कोडॉनवर आढळतो. तेव्हा नळ्यांची अदलाबदल झाल्याचा संशय असेल, तर त्याच सीडीएनएमधून एच-रासचा पहिला एक्सॉन (जनुकाचा आरएनएत टिकणारा भाग) वाढवून सँगर सिक्वेन्सिंग करणे स्वस्तात पडते. बदल सापडला तर नमुना गाठीचाच आहे हे बळकट होते. न सापडल्यास त्यातून काहीच सिद्ध होत नाही, कारण प्रत्येक गाठीत तो असतोच असे नाही आणि वाणानुसारही त्याचे प्रमाण बदलते.

शवविच्छेदनाच्या टेबलावर निर्माण होणारे फरक

एका मादीला चार-पाच गाठी असतील तर शेवटची गाठ काढेपर्यंत वेळ जातो आणि तेवढा वेळ ती ऊती रक्तपुरवठ्याविना उबदार राहते. फॉस आणि ईजीआर१ यांसारखी तातडीने प्रतिसाद देणारी जनुके तसेच प्राणवायूच्या कमतरतेला प्रतिसाद देणारे व्हीईजीएफ-ए या काळात बदलतात. आधी सर्व गाठी आणि मग निवांतपणे निरोगी ग्रंथी असा क्रम ठेवला, तर हा फरक सरसकट एकाच गटाच्या माथी बसतो. प्रत्येक जनावरामागे क्रम आलटून-पालटून ठेवावा आणि काढल्याची व गोठवल्याची वेळ वहीत लिहावी. विच्छेदन दिवसाच्या ठरावीक वेळीच करावे, कारण घड्याळ-जनुकांचा चढउतार स्तनग्रंथीतही असतो.

मादीच्या ऋतुचक्राकडे (प्रजननाच्या संप्रेरक-चक्राकडे) होणारे दुर्लक्ष हे इस्ट्रोजेन रिसेप्टरच्या बेभरवशी निकालांमागचे प्रमुख कारण आहे. रॅटचे चक्र चार-पाच दिवसांचे असते आणि प्रोजेस्टेरॉन रिसेप्टर, ॲम्फिरेग्युलिन, रँक लिगँड, डब्ल्यूएनटी४ ही संप्रेरकांच्या इशाऱ्यावर चालणारी जनुके त्याबरोबर हलतात. या प्रारूपातील बहुतेक गाठी संप्रेरकावलंबी असतात, अंडाशय काढले की त्या आकसतात, त्यामुळे गाठींनाही हा नियम लागू पडतो. सकाळी योनिद्रवाचा एक लेप घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहायला फार वेळ लागत नाही: केंद्रक असलेल्या गोल पेशी दिसल्या तर प्रोइस्ट्रस, केंद्रकविरहित चपट्या खपल्या दिसल्या तर इस्ट्रस, आणि श्वेतपेशींची गर्दी दिसली तर डायइस्ट्रस. सर्व माद्या एकाच अवस्थेत, शक्यतो डायइस्ट्रसमध्ये घ्याव्यात. वेळापत्रकामुळे ते जमत नसेल तर निदान अवस्था नोंदवून ती विश्लेषणात धरावी. खाद्याचाही येथे संबंध येतो. सोयाबीनची पेंड असलेल्या गोळी-खाद्यात जेनिस्टीन आणि डेडझीन ही वनस्पतिजन्य इस्ट्रोजेने असतात, आणि वयात येण्यापूर्वी दिलेल्या जेनिस्टीनमुळे डीएमबीएच्या गाठी कमी होतात हे ज्ञात आहे. प्रयोगाच्या मध्येच खाद्याचा पुरवठादार बदलला असेल, तर ती गोष्ट तुकडीच्या नोंदीत आलीच पाहिजे.

रसायनाबद्दल थोडक्यात: एमएनयू आम्लधर्मी सलाइनमध्ये ताजे विरघळवून लगेच द्यावे लागते, कारण उदासीन आणि विशेषतः अल्कधर्मी द्रावणात ते झपाट्याने विघटित होते. डीएमबीएला आधी शरीरातील सायटोक्रोम पी४५० विकरांनी सक्रिय करावे लागते, एमएनयू थेट काम करते. मात्रा अर्धवट पोहोचली की गाठी कमी आणि उशिरा होतात आणि त्यांच्या प्रकारांचे प्रमाणही बदलते. दोन तुकड्यांच्या निकालांची तुलना करण्यापूर्वी किती माद्यांना, सरासरी किती गाठी, किती आठवड्यांनी झाल्या हे शेजारी शेजारी मांडून पाहावे.

चरबीयुक्त ऊतीतून आरएनए काढताना होणारी एक चूकही सर्वत्र आढळते: चरबी आधी वेगळी न करणे. ट्रायझॉलमध्ये (आरएनए काढण्याच्या फिनॉलयुक्त द्रावणात) ऊती एकजीव केल्यानंतर, क्लोरोफॉर्म घालण्याआधी, ४ अंशांवर १२,००० जी वेगाने दहा मिनिटे फिरवले की वर चरबीचा थर तरंगतो. तो पिपेटने काढून टाकून खालचा स्वच्छ द्रव नव्या नळीत घ्यावा. हा टप्पा निरोगी नमुन्यांसाठी अनिवार्य आहे, आणि समानता राखण्यासाठी तो गाठींवरही करावा. न केल्यास चरबी व फिनॉल पुढे वाहत जातात, शुद्धता दाखवणारे २६०/२३० गुणोत्तर घसरते आणि रिव्हर्स ट्रान्सक्रिप्शन (आरएनएपासून सीडीएनए बनवणे) अडखळते. शंका असल्यास त्या सीडीएनएचे १, १० आणि १०० पट विरलीकरण करून पाहावे: दर दहा पटीला सीटी (संकेत दिसू लागेपर्यंत लागलेली पीसीआरची आवर्तने; सीटी कमी म्हणजे आरएनए जास्त) सुमारे ३.३ ने वाढले पाहिजे, आणि विरलीकरणानंतर ते अपेक्षेपेक्षा कमी वाढत असेल तर नमुन्यात अवरोधक आहे. आरएनए-लेटरमध्ये ठेवायचे असेल तर तुकडा अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जाड नसावा.

संदर्भ जनुकाने केलेली फसवणूक

संदर्भ जनुक, म्हणजे सर्व नमुन्यांत सारखे मानून ज्याच्याशी तुलना करतात ते जनुक, म्हणून गॅपडीएच आणि बीटा-ॲक्टिन ही दोन नावे सवयीने घेतली जातात, आणि या ऊतींमध्ये दोन्ही अविश्वसनीय आहेत. गाठीतील पेशी ग्लायकोलिसिसवर अधिक चालतात आणि गॅपडीएच हे त्याच मार्गाचे विकर आहे. बीटा-ॲक्टिनचे प्रमाण पेशींच्या प्रकाराप्रमाणे बदलते. समान आरएनए घेऊनही गाठीत गॅपडीएचचे सीटी निरोगी ग्रंथीपेक्षा १.५ ने खाली आले, तर डेल्टा-डेल्टा-सीटीच्या (संदर्भ जनुकाशी तुलना करून पट काढण्याच्या) गणितात प्रत्येक लक्ष्य-जनुक सुमारे २.८ पट घटलेले दिसेल. खाली गेलेल्या जनुकांची यादी अचानक लांबलचक झाली असेल, तर आधी गॅपडीएचचे कच्चे सीटी गटवार काढून पाहावे. बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिनही टाळावे, कारण श्वेतपेशींच्या गर्दीबरोबर ते चढते. एचपीआरटी१, टीबीपी, वायडब्ल्यूएचएझेड, पीपीआयए आणि आरपीएलपी० यांसारखी आठ-दहा उमेदवार जनुके आपल्याच नमुन्यांवर तपासून जीनॉर्म किंवा नॉर्मफाइंडर या सॉफ्टवेअरने त्यांतील स्थिर तीन निवडावीत आणि त्यांची भौमितिक सरासरी घ्यावी. दुसऱ्याच्या शोधनिबंधातून संदर्भ जनुक उसने घेणे पुरेसे नाही.

गॅपडीएचची आणखी एक खोड आहे. रॅट आणि माउसच्या जनुकसंचात गॅपडीएचची शेकडो छद्मजनुके (जनुकाच्या निकामी प्रती) विखुरलेली आहेत, आणि त्यांत इंट्रॉन (आरएनएतून गाळले जाणारे मधले भाग) नसल्यामुळे एक्सॉनच्या सांध्यावर बेतलेले प्रायमरसुद्धा ती उचलतात. नमुन्यात थोडासा जीनोमिक डीएनए राहिला तरी रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज (सीडीएनए बनवणारे विकर) न घातलेल्या प्लेटच्या खळगीत गॅपडीएचचा वक्र वर येतो आणि इतर जनुकांचा येत नाही. नेमके हे चित्र दिसले तर प्रायमर दूषित झाला असे न समजता डीएनेजचा (डीएनए नष्ट करणाऱ्या विकराचा) टप्पा पुन्हा करावा. ज्यांच्याकडे माउससाठी मागवलेले प्रायमर पडून आहेत त्यांनी ते रॅटच्या क्रमाशी जुळवून पाहिल्याशिवाय वापरू नयेत; ३' टोकाला एक अक्षर चुकले तरी कार्यक्षमता कोसळते आणि वितळण-वक्र मात्र देखणा येतो.

उपचारांच्या प्रयोगात हाच दोष वेगळ्या वेषात

आपल्याकडे डीएमबीए प्रारूपाचा मोठा वापर वनस्पतींच्या अर्कांच्या किंवा एखाद्या संयुगाच्या चाचणीसाठी होतो, आणि निष्कर्षात ‘बॅक्स वाढले, बीसीएल२ घटले’ हे वाक्य (बॅक्स पेशीमृत्यू घडवते, बीसीएल२ तो रोखते) हमखास असते. येथे तुलना गाठ विरुद्ध गाठ अशी असल्याने चरबीचा प्रश्न मिटला असे वाटते, पण आकसत जाणाऱ्या गाठीत एपिथेलियम कमी होतो, कोलॅजेन आणि मॅक्रोफेज वाढतात. बीसीएल२ हे संप्रेरकग्राही एपिथेलियममध्ये तसेच लिम्फोसाइटमध्ये व्यक्त होते, त्यामुळे त्याची घट ही एका पेशीतील घट आहे की त्या पेशीच कमी झाल्या आहेत हे संपूर्ण ऊतीच्या आरएनएवरून सांगता येत नाही. केराटिन ८ शी गुणोत्तर काढून पाहिल्यावर फरक विरला, तर संयुगाने गाठ लहान केली एवढेच म्हणता येते, आणि तेही काही कमी नाही. शिवाय ज्या माद्यांच्या गाठी पूर्ण नाहीशा झाल्या त्यांच्याकडून नमुनाच मिळत नाही. हाती राहतात त्या उपचाराला न जुमानलेल्या गाठी. संयुगाची क्रिया पाहायची असेल तर उपचार सुरू झाल्यावर थोड्या दिवसांतच, गाठ आकसण्यापूर्वी, माद्यांचा एक वेगळा छोटा गट घेणे हा त्यावरचा खरा उपाय आहे.

संख्या आणि तुकड्या

सहा माद्यांच्या प्रत्येकी चार गाठी घेतल्या तर नमुने २४ होतात, स्वतंत्र निरीक्षणे मात्र सहाच राहतात. एकाच मादीच्या गाठींना तेच संप्रेरक, तेच वय, तेच खाद्य मिळालेले असते. २४ हा आकडा टी-चाचणीत भरला की पी-मूल्य देखणे येते आणि पुढच्या तुकडीत टिकत नाही. मादीला यादृच्छिक घटक मानणारे मिश्र प्रारूप वापरावे, किंवा प्रत्येक मादीची सरासरी घ्यावी. आरएनए-सिक्वेन्सिंगमध्ये लिमा पॅकेजमधील सहसंबंधाची सोय याचसाठी आहे.

सर्व गाठींचा आरएनए एका दिवशी आणि सर्व निरोगी नमुन्यांचा दुसऱ्या दिवशी काढला असेल, तर कोणतेही सॉफ्टवेअर त्या दोन परिणामांना वेगळे करू शकत नाही. प्रत्येक दिवशी, प्रत्येक प्लेटवर दोन्ही गटांचे नमुने असावेत. जुन्या-नव्या सिक्वेन्सिंगची सांगड घालताना दोन्हींसाठी एकच जनुकसंच-आवृत्ती वापरावी: २०१४ च्या आरनॉर ६.० वर मोजलेली संख्या आणि २०२० च्या एमरॅटबीएन७.२ वर मोजलेली संख्या शेजारी ठेवून तुलना केली तर काही जनुके केवळ नकाशा बदलल्यामुळे ‘बदललेली’ दिसतात. कच्च्या फाइली पुन्हा जुळवून घ्याव्यात, त्यासाठी संगणकाचा वेळ तेवढा लागतो.

फ्रीजरमधील जुन्या नमुन्यांचे काय करावे

प्राणिप्रयोगांवर देखरेख करणाऱ्या सीसीएसईए या केंद्र सरकारच्या समितीच्या नियमांखाली संस्थेच्या प्राणी-नीती समितीकडे पुन्हा माद्या मागण्यापूर्वी आहे त्यातून किती वाचवता येते हे पाहणे क्रमप्राप्त आहे. उरलेल्या सीडीएनएवर वर सांगितलेली ओळख-जनुके चालवावीत आणि प्रत्येक नमुन्याची केराटिन ८ व ॲडिपोनेक्टिनची मूल्ये एका आलेखावर ठेवावीत. जे गाठ-नमुने निरोगी गटात जाऊन बसतात, किंवा ज्यांत केराटिन जवळजवळ नाही, त्यांच्या गोठवलेल्या ऊतीचा तुकडा शिल्लक असल्यास क्रायोस्टॅटवर एक छेद काढून रंगवावा. छेद कार्सिनोमा दाखवत असेल तर त्याच तुकड्यातून, छेदालगतच्या भागातून, आरएनए पुन्हा काढावा. ऊती शिल्लक नसेल आणि पॅराफिन ब्लॉकही नसेल, तर तो नमुना वगळावा आणि वगळण्याचे कारण लेखात लिहावे. मात्र ही गाळणी लक्ष्य-जनुकांचे आकडे उघडण्याआधी आणि कोणता नमुना कोणत्या उपचार-गटाचा हे माहीत नसलेल्या व्यक्तीकडून व्हावी. वगळणीनंतर एखाद्या गटात चारपेक्षा कमी माद्या उरत असतील, तर पटींचे आकडे न देता प्रत्येक मादीचा बिंदू वेगळा दाखवणारा आलेख द्यावा आणि नव्या तुकडीचा अर्ज करताना हाच आलेख संख्येच्या समर्थनार्थ जोडावा.